महाराष्ट्र केसरी नक्की कोण?

एक साधा प्रश्न विचारतो, कुस्तीतली मानाची गदा जिंकून 2023 चा महाराष्ट्र केसरी झाला कोण? गुगल न करता सांगा. जानेवारीत पुण्यात कोथरूडला स्पर्धा झाली तिथे शिवराज राक्षे. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला झाली तिथे सिकंदर शेख, त्यानं शिवराजलाच झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. आणि त्यानंतर लगेच, त्याच महिन्यात, धाराशिवला अजून एक झाली, तिथे परत शिवराज राक्षे, समोर हर्षवर्धन सदगीर. एका वर्षात तीन गदा, आणि तिन्ही बॅनरवर नाव तेच, महाराष्ट्र केसरी.

आता मला सांगा, नाशिकच्या किंवा लातूरच्या एखाद्या तालमीतल्या चौदा वर्षाच्या पोरानं नक्की कुठल्या गदेकडे बघून पहाटे चारला उठायचं?

हे लिहायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत कुस्तीचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, कुस्ती संपली, आता कोण बघतंय. दोन, सगळं सेटिंग असतं राव. पहिली गोष्ट मला अजिबात पटत नाही, आणि दुसरी ऐकली की पोटात तुटतं, कारण ती पूर्ण खरी नसली तरी लोकांना ती खरी वाटायला लागलीय आणि त्याला कारणं आहेत.

आधी पहिलीचं बोलू. कोण म्हणतं पब्लिक गेलं? कुंडलच्या मैदानाला जाऊन बघा, वारणेला डिसेंबरमध्ये जाऊन बघा. दुपारी ऊन डोक्यावर असताना लोक येऊन जागा धरून बसतात, शेवटच्या कुस्तीला दिवे लागलेले असतात तरी हलत नाहीत. हलगी घुमत असते, निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम, आजा कोण होता इथपर्यंत सगळं सांगत असतो. फोनवर लाईव्ह बघणारे वेगळेच. दुबईत, पुण्यात, बेंगळुरूत बसलेली आमच्याकडची पोरं यूट्यूबवर मैदान लावून कामं करतात. सिकंदरचे, शिवराजचे, महेंद्र गायकवाडचे फॅन क्लब आहेत, त्यांची आपापसातली भांडणं क्रिकेटवाल्यांना लाजवतील अशी. ज्या खेळाचा प्रेक्षक संपला त्या खेळासाठी कोण एवढं भांडतं?

पब्लिक आहे तिथेच आहे. गेलाय तो विश्वास, आणि तो सुद्धा सगळ्या कुस्तीवरचा नाही, निकालावरचा गेलाय.

जानेवारी 2023 ची, त्या कोथरूडच्याच स्पर्धेतली, सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडची लढत आठवा. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार पॉइंट दिले, आणि तिथून जो वाद सुरू झाला तो अख्ख्या महाराष्ट्रात पेटला. ज्यांना मॅटचे, म्हणजे गादीवरच्या कुस्तीचे नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उभ्या कुस्तीत समोरच्याला खाली घेऊन मागे गेलात, ताबा मिळवला, की दोन पॉइंट. पण उभ्यातून टाकताना त्याची पाठ थेट मॅटकडे वळली, म्हणजे पाठ आणि मॅट यांच्यातला कोन नव्वद अंशाच्या आत आला, ज्याला डेंजर पोझिशन म्हणतात, तर चार. म्हणजे सगळा खेळ त्या एका क्षणात पाठीचा कोन किती होता यावर. पैलवान हवेत आहे, दोघांचे शंभर-सव्वाशे किलोचे देह एकमेकांत गुंतलेत, आणि पंचानं ते एका नजरेत ठरवायचं. हे अवघड काम आहे, यात वादच नाही. पण पंच ते एकदा बघतो आणि पब्लिक तेच स्लो मोशनमध्ये पन्नास वेळा बघतं. त्या रात्री व्हॉट्सअपवर ती क्लिप थांबवून थांबवून, गोल करून, बाण मारून फिरत होती. कोणी म्हणे चार बरोबर, कोणी म्हणे दोनच. पंचाला धमक्या गेल्या, पोलिसात तक्रार झाली. आणि एवढं सगळं होऊनही हे चार पॉइंट का दिले, कुठल्या नियमानं दिले, हे सगळ्यांसमोर व्हिडिओ लावून शांतपणे समजावून सांगणारं कोणी मला तरी त्या वेळी दिसलं नाही.

मग फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, वाडिया पार्क. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे. पंचांनी शिवराजला चितपट दिलं. शिवराजचं म्हणणं एकच, खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा. वाद वाढला, त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. मग फायनलला पृथ्वीराज आणि महेंद्र गायकवाड, तर महेंद्र पॉइंटवरून चिडून शेवटचे काही सेकंद शिल्लक असताना मैदान सोडून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला, शिवराज आणि महेंद्र दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर पाय उचलणं याला माफी नाही. ज्या तालमीत हौद्यात, म्हणजे मातीच्या आखाड्यात पाय ठेवायच्या आधी माती कपाळाला लावायला शिकवतात त्या तालमीतल्या पैलवानानं हे करावं, मला तो व्हिडिओ दुसऱ्यांदा बघवला नाही. पण त्याच वेळी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, की ज्या माणसानं आयुष्याची दहा-पंधरा वर्षं खुराक, जोर, बैठका यात घातली, ज्याच्या घरच्यांनी बदाम-तुपासाठी कर्ज काढलं असेल, त्याला चितपट दिल्यावर समोरच्या मोठ्या स्क्रीनवर तो क्षण दाखवायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं? ती दोन मिनिटं दिली असती तर एक तर तो गप्प बसला असता किंवा निकाल बदलला असता. दोन्हीत कुस्ती जिंकली असती. आणि पृथ्वीराजचंही वाईट वाटतं, पोरानं मेहनत करून गदा जिंकली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कुणाचा, तर लाथेचा.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. दोन महिने जातात न जातात तोच मार्चअखेर कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी, तिथे वेताळ शेळके जिंकला. परत एका वर्षात दोन. कारण सगळ्यांना माहीत आहे. एकीकडे महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद, मामासाहेब मोहोळांनी 1953 ला उभी केलेली, जिनं 1961 पासून महाराष्ट्र केसरी भरवली. 2022 ला भारतीय कुस्ती महासंघानं ती बरखास्त केली. मग दुसरीकडे कुस्तीगीर संघ. दोघंही म्हणतात आम्हीच खरे, कोर्टकचेऱ्या झाल्या, दोघांच्या मागे वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी. मला त्यात कोण बरोबर यात पडायचंच नाही. दोन्हीकडच्या व्यासपीठावर हार घालायला गर्दी असते, आणि पैलवान मात्र इकडे खेळलो तर तिकडचे काय म्हणतील या चिंतेत.

लोकांना वाटतं गदा म्हणजे नुसता मान. तसं नाही. विजय चौधरी 2014, 2015, 2016 सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि त्या जोरावर थेट डीवायएसपी झाला. म्हणजे या किताबावर शेतकऱ्याच्या पोराची नोकरी उभी आहे, घर उभं आहे. वर थार गाडी, मैदानांची मानधनं. ज्या गोष्टीवर आयुष्य ठरतं ती गोष्ट वर्षात दोन-तीन ठिकाणी वाटली गेली तर तिचं वजन किती राहणार.

बॉक्सिंगमध्ये हेच झालंय, आणि ते बघून मला जास्त भीती वाटते. एकेकाळी जगाला हेवीवेट चॅम्पियनचं नाव पाठ असायचं. आज डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, वजनाचे सतरा-अठरा गट, आणि प्रत्येकाचा वेगळा पट्टा. सामान्य माणसाला चॅम्पियन कोण ते कळतच नाही. त्यात जजची गुणांची कार्डं. सप्टेंबर 2017 ला कानेलो आणि गोलोव्हकिनची फाईट झाली, बहुतेकांना गोलोव्हकिन पुढे वाटत होता, आणि एका जजनं कानेलोला 118-110 दिले. फाईट बरोबरीत सुटली. त्याच्या खूप आधी 1988 च्या सोल ऑलिम्पिकला रॉय जोन्सनं फायनलमध्ये कोरियन बॉक्सरला 86 ठोसे मारले, खाल्ले 32, आणि गोल्ड कोरियन बॉक्सरला. शेवटी 2023 ला ऑलिम्पिक समितीनं बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेची मान्यताच काढून घेतली. आता बॉक्सिंगला गर्दी कधी होते, तर 2024 ला 58 वर्षांचा टायसन आणि यूट्यूबवाला जेक पॉल, आठ राउंड, तेही दोन दोन मिनिटांचे. नेटफ्लिक्सनं सांगितलं सहा कोटी घरांत बघितली गेली. बघणारे सहा कोटी घरांत होते, पण त्यातल्या किती जणांना त्या रात्री खरा हेवीवेट चॅम्पियन कोण ते माहीत होतं? प्रेक्षक राहतो आणि खेळ निघून जातो, असंही होऊ शकतं.

कुस्तीचं असं व्हायला नको, आणि व्हायचं काही कारणही नाही. कारण आपल्या कुस्तीचा पायाच मुळात वेगळा आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान बघितलंय का? शाहू महाराज 1902 ला युरोपला गेले, रोमचा तो जुना आखाडा, कलोसियम बघितला, आणि तसं मैदान आपल्या कोल्हापुरात पाहिजे म्हणून 1912 ला खासबाग उभं राहिलं. मधे हौदा आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेत बसलेल्या हमालालाही पैलवानाची पाठ मातीला लागली का नाही ते दिसावं, अशी ती रचना. राजा बघतोय तेच हमाल बघतोय. चितपट म्हणजे चितपट, पाठ लागली की विषय संपला, कुणाचं कार्ड नाही की कुणाचा हात वर नाही. त्यामुळे मातीतल्या कुस्तीत निकालावर भांडणं कमी आणि डावावर चर्चा जास्त.

गेल्या जत्रेला आमच्या भागातल्या एका मैदानात बसलो होतो. दोन नंबरची कुस्ती, दोन्ही पोरं नवी, नाव फार मोठं नाही. बराच वेळ खडाखडी चालली, मग एकानं पट काढायला, म्हणजे पाय ओढायला हात घातला, दुसऱ्यानं त्याला वरून दाबला, कंबर धरली आणि घिस्सा, म्हणजे पोटावर पडलेल्याला पाठीवर उलटवायचा डाव, मारायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खालचा पोरगा अर्धा फिरला आणि परत पोटावर आला. शेजारी एक म्हातारे वस्ताद बसलेले, पटका, धोतर, कान पूर्ण मोडलेले. ते कुणाशी न बोलता स्वतःच्या गुडघ्यावर बोटानं ताल धरून बसलेले आणि चौथ्या घिश्श्याला पंचांच्या आधी उठून उभे राहिले. पाठ लागली होती. मग सगळं मैदान उठलं. हरलेला पोरगा उठला, जिंकलेल्याच्या पाया पडला, अंगावरची माती झटकत निघून गेला, जाताना दोन-चार जणांनी त्याच्याही हातात नोटा कोंबल्या. त्या निकालावर एका माणसानं शंका घेतली नाही. घेणार कशी, सगळ्यांनी बघितलं होतं.

आणि त्याच मैदानात एक नंबरची कुस्ती बघा. दोन मोठी नावं, इनाम मोठं, त्यासाठी पब्लिक थांबलेलं. वीस मिनिटं दोघं मान धरून ढकलाढकली करत राहिले. ज्याला कुस्ती कळते त्याला लगेच समजतं, मानेवरचा हात सैल असतो, पायात जोर नसतो, पट काढायला वाकतो पण पायापर्यंत हात जातच नाही. मागून आवाज यायला लागले, नुरा आहे, नुरा आहे, म्हणजे ठरवून चाललीय. शेवटी बरोबरीत सोडवली, दोघांनी इनाम वाटून घेतलं. ठरवून झाली होती का, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी कुणावर आरोप करणार नाही. पण त्यामागचं गणित माहीत आहे. मोठ्या पैलवानाचं मानधन त्याच्या नावावर ठरतं, एकदा पाठ लागली की पुढच्या सगळ्या मैदानांचा भाव उतरतो, सीझन चार-पाच महिन्यांचा, गुडघा गेला की सगळंच गेलं. मग तो जोखीम कशाला घेईल? हरण्यापेक्षा बरोबरी बरी. माणूस म्हणून मला ते समजतं. पण तिकीट असो नसो, चार तास उन्हात बसलेल्या माणसाला ते समजवायला जाऊ नका.

काही गावच्या यात्रा कमिट्यांनी यावर चांगला मार्ग काढलाय. कुस्ती निकाली झाली तरच पूर्ण इनाम, बरोबरी झाली तर निम्मंसुद्धा नाही. वेळ संपली तर पॉइंटवर सोडवायची, पण ते पॉइंट निवेदकानं माईकवर त्याच क्षणी सांगायचे, कुणी कुठला डाव केला, किती मिळाले. अशा मैदानात मी कधी दगडफेक किंवा शिव्या बघितल्या नाहीत. गावच्या कमिटीला जे सुचतं ते राज्याच्या संघटनेला सुचू नये?

औषधांबद्दलही बोललं पाहिजे कारण त्यानंही विश्वास गेलाय. नरसिंग यादव, 2011, 2012, 2013 असा तीन वेळा महाराष्ट्र केसरी, 2015 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ आणि रिओ ऑलिम्पिकचा कोटा. त्याच जागेसाठी सुशीलकुमारनं ट्रायल मागितली, कोर्टात गेलं, कोर्टानं नाही म्हटलं. मग ऑलिम्पिकच्या तोंडावर नरसिंग डोपिंगमध्ये सापडला. त्याचं म्हणणं जेवणात कुणीतरी मिसळलं. नाडानं, म्हणजे आपल्या डोपिंगविरोधी संस्थेनं सोडलं, आणि रिओमध्ये त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. खरं काय ते आजही लोक आपापल्या बाजूनं सांगतात. पण तालमीतल्या पोरांना त्यातून धडा काय मिळाला? आज कित्येक ठिकाणी थंडाईच्या जागी सप्लिमेंटचे डबे आणि इंजेक्शनं आलीत, हे कुठल्याही तालमीत चार दिवस राहिलेला माणूस सांगेल. राज्यभरातल्या मैदानांवर अचानक येऊन चाचणी करणारी माणसं पाहिजेत, आणि ती दिसली पाहिजेत.

दिल्लीचं तर बोलायलाच नको. 2023 ला जंतरमंतरवर आपल्या मेडल आणलेल्या पोरींना रस्त्यावर झोपावं लागलं, आणि त्याच वर्षी जागतिक संघटनेनं आपला महासंघ निलंबित केला. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. आमच्याकडे आज तालमीत पोरी येतात, त्यांचे बाप त्यांना गाडीवर बसवून घेऊन येतात. दिल्लीतलं ते बघूनसुद्धा येतात. हा केवढा मोठा भरवसा टाकलाय त्या बापांनी आपल्यावर.

अजून एक गोष्ट सलते. महाराष्ट्र केसरी फक्त जड पैलवानांची, 86 ते 125 किलो. त्यामुळे सगळा पैसा, प्रसिद्धी, भांडणं त्या एका गटात. राहुल आवारे, बीडचा, 2019 ला 61 किलोत वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ आणलं, त्याच्या नावाचे बॅनर किती गावांत लागले? खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत मेडल आणलं तेही हलक्या वजनात. त्यानंतर महाराष्ट्राचं पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल यायला 72 वर्षं लागली, आणि ते कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं आणलं, नेमबाजीत. कुस्तीत अजून नाही. आपण एका गदेवरून भांडत बसलो आणि पंचावन्न-साठ किलोची चपळ पोरं हरियाणाच्या पोरांपुढे एकटी पडली.

माझी मागणी मोठी नाही. दोन्ही संघटनांनी काय करायचं ते करा, कोर्टात भांडा, पण वर्षात गदा एकच द्या, आणि जोपर्यंत एकच देता येत नाही तोपर्यंत त्या वर्षी देऊच नका, चालेल आम्हाला. चितपटीचा आणि चार पॉइंटचा प्रत्येक निर्णय मोठ्या स्क्रीनवर दाखवा, मुख्य पंचानं हातात माईक घेऊन मराठीत सांगू दे की मी हे असं का दिलं. चुकला तर तिथेच दुरुस्त करू दे, कुणी त्याला कमी समजणार नाही. आणि त्या पंचांना मानधन नीट द्या, दरवर्षी परीक्षा घ्या, त्यांच्या बाजूला पोलिसांपेक्षा व्हिडिओवाला बसवा. एका मैदानाला होर्डिंगवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात एक स्क्रीन आणि चार कॅमेरे येतात, आणि ते होर्डिंग दुसऱ्या दिवशी उतरवलं जातं.